दंड घातलेलं लुगडं

नवं कोरं लुगडं बुधीमावशीच्या हातात द्या आणि चार दिवसांनी या. कुणीतरी दहा वर्षं ते नेसून शेतात राबलंय, अशी तुमची खात्री पटेल. उलटंपालटं करून बघा, आतून बघा, वास घेऊन बघा, लबाडी सापडायची नाही. मी वीस वर्षं शिवणकाम करतेय, मला सापडलेली नाही, तर तुमचं काय घेऊन बसलात!

मी दर्शना. कर्जतला दहिवलीत माझं शिवणाचं दुकान आहे. आमच्याकडे शूटिंगला तोटा नाही. डोंगर आहे, नदी आहे, फार्महाऊस तर पावलोपावली आहेत, आणि मुंबई जवळ. या शूटिंगना कपडे शिवून पुरवायचे हा माझा धंदा. कपडेपट म्हणतात त्याला. हिरोइनचे कपडे मुंबईहून कव्हरात गुंडाळून येतात. माझ्या वाट्याला येतात ते गरिबांचे. भिकारी, मजूर, आदिवासी, दंगलीत पळणारी माणसं. आणि गंमत अशी की गरिबांचे कपडे कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. नवे आणायचे आणि गरीब करायचे. ते काम बुधीमावशीचं.

मावशी ठाकर आदिवासींची. खालापूरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी जांभूळवाडी म्हणून तीसेक घरांची वाडी आहे, तिथली. नवरा माथेरानला हॉटेलांचं सामान डोक्यावरून वर न्यायचा. तो गेला त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यानंतर मावशी सेटवर आली ती झाडू मारायला. तिथला कपडेपटाचा मास्तर एका धोतराचा गुडघा पॉलिश पेपरनं घासत बसला होता, घामाघूम झाला होता बिचारा. मावशी झाडू टेकवून बघत राहिली आणि मग म्हणाली, "धोतार गुडघ्याव आधी फाटतं का रं? तू बसतोस कुठं, गुडघ्याव?"

मास्तरच्या हातातला कागद तिथंच राहिला. दुसऱ्या दिवसापासून मावशीचा झाडू सुटला.

तिची सगळी हत्यारं म्हणजे नदीतला एक खडबडीत दगड, मोडकी खिसणी, उकळलेली चहापत्ती आणि ऊन. पण खरी अक्कल डोक्यात. हंडा डाव्या कमरेवर असतो म्हणून लुगडं डावीकडे विरतं. मोळी वाहणाऱ्याचा सदरा उजव्या खांद्यावर आधी जातो. धान्य पाखडणाऱ्या बाईच्या पदराचं टोक झिजतं. हे सगळं ती न विचारता करायची. तेवढ्यावर भागलं असतं तर मी तिच्यावर लिहायलाही बसले नसते. पण दर वेळी शेवटी वरून हुकूम यायचा, "अजून घाण करा. चिखल लावा. काजळी लावा. दिसत नाहीये."

मावशी लावायची. बडबडत लावायची. "इतकं घान कोन ऱ्हातं गं? पानी का महाग हाय?" मी म्हणायची, "मावशे, आपल्याला सांगितलंय तेवढं करायचं. उगाच शहाणपणा नको." हो, मीच म्हणायची. खोटं कशाला बोलू?

एकदा अशाच एका सिनेमात आख्खी आदिवासी वस्ती होती. दीडशे माणसांचे कपडे मावशीनं एकटीनं काळे केले होते. सिनेमा लागल्यावर ती मोठ्या हौसेनं तिच्या म्हाताऱ्या आईला दाखवायला घेऊन गेली. म्हातारी जन्मात पहिल्यांदा थेटरात बसली होती. पडद्यावर ती वस्ती आली. चिंध्या, शेंबूड, तोंडाला काळं. पुढच्या रांगेतल्या पोरींनी नाकाला रुमाल लावले आणि खिदळल्या. म्हातारीनं विचारलं, "बुधे, ही कोन गं मानसं?"

मावशीच्या तोंडून खरं निघेना. ती म्हणाली, "लांबची हायत, आये. तिकडची, दुसऱ्या मुलखातली."

म्हातारी म्हणाली, "मंग ठाकरासारखं का नेसल्यात? मी असं घान कदी नेसली का गं?"

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारी गेली. हे मला मावशीनं सांगितलं ते नदीवर कपडे आपटताना, माझ्याकडे न बघता. "आयेला खोटं बोलली मी. माज्याच हातांनी तिला घान केली, आन तिलाच वळखायला नाय म्हनली. एकदा तरी, दर्शना, आमची मानसं धुतल्या कापडात पडद्याव दिसाया पायजेत. तवर मी काय मरत नाय." हे बोलताना तिनं लुगडं असं आपटलं की माझ्या तोंडावर पाणी उडालं.

मला वाईट वाटलं. पण खरं सांगते, मनात आलं, असं कोण दाखवणार आहे मावशे तुला?

दोन वर्षांपूर्वी विपुल नावाचा दिग्दर्शक आला. तिशीतला पोरगा, मुंबईचा, डोक्यावर केसांचं टोपलं. पैसे बेताचे होते पण बोलणं मोठं. इटलीच्या जुन्या सिनेमानं त्याला झपाटलं होतं. तो सांगायचा की दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तिथली शहरं ढिगाऱ्यात होती, स्टुडिओ मोडले होते, माणसांच्या हाताला काम नव्हतं. तिथल्या काही लोकांनी कॅमेरा उचलला आणि सरळ रस्त्यावर आले. सेट नाही, मेकअप नाही, नटनट्यासुद्धा नाहीत. कारखान्यातला खरा कामगार, चाळीतली खरी म्हातारी यांनाच उभं केलं. गरिबी सजवली नाही की लपवली नाही. विपुलला तसाच सिनेमा करायचा होता, आमच्या जांभूळवाडीत, वाडीतल्याच माणसांना घेऊन. गोष्ट साधी होती, बुधीमावशीच्या तरुणपणाच्या काळातली. एक ठाकर बाई पोरीला आश्रमशाळेत घालायला सकाळी वाडीतून निघते आणि दिवसभर या कचेरीतून त्या कचेरीत हिंडते, एवढीच.

बाईचं काम करायचं सुनितानं. ती मावशीच्या भावाची सून. बोलायला बिनधास्त आणि चालायला वारा.

वाडीला कल्पना यावी म्हणून विपुलनं एके दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना गोधड्या लावून भिंतीवर ते इटलीचे जुने काळेपांढरे तुकडे दाखवले. भाषा कुणालाच कळेना. माणसं पांगायला लागली. रूपेश टेंपो चालवतो, तो तर सरळ घोरायला लागला. मावशी मात्र पुढं सरकून सरकून भिंतीला नाक लागेल इतकी जवळ गेली होती.

"दर्शना, बघ गं. त्या बाप्याच्या कोपराला ठिगळ हाय, पन गळ्यापत्तुर गुंड्या लावल्यात. आन ती दोरीवरची कापडं बघ. लढाई झाली, घर पडलं, पन बाईचं धुनं चुकलं नाय." मग माझा दंड धरून हलक्या आवाजात म्हणाली, "ही गोरी मानसं आमच्यावानीच हायत गं!"

त्या दिवसापासून मावशी हवेत होती. सुनिताच्या लुगड्याला तिनं कोणाला हात लावू दिला नाही. मला देवेशनं, म्हणजे विपुलच्या कॅमेरामननं, बजावून सांगितलं होतं, "लुगडं फाटकं, मळकं पाहिजे. चार ठिकाणी भोकं, खाली चिखल." मी मावशीला निरोप दिला. तिनं मान हलवली. मान हलवली म्हणजे ऐकलं असं समजणारी मी मूर्ख!

शूटिंगच्या सकाळी मी टेंपोतून वाडीत उतरले आणि बघतच राहिले. विपुलनं सगळ्यांना सांगितलं होतं, "तुम्ही फक्त तुमच्यासारखे या." पण आमची वाडी पंधरा वर्षं सिनेमांच्या गर्दीत उभी राहून गरीब होत आलेली. सिनेमातला गरीब कसा असतो हे कोणाला शिकवायचं? रूपेशनं चांगला शर्ट घरी ठेवून गोणपाटाला गळा पाडून घातला होता. बायांनी झिंज्या पिंजारल्या होत्या. चांगल्या धडधाकट दोन म्हाताऱ्या काठ्या टेकत खोकत होत्या. आणि सुनिता! तव्याची काजळी गालांना फासून, एक चिंधी गुंडाळून, हात पसरून दारात उभी. स्वतःच्या दारात स्वतःच भिकारीण झाली होती.

आणि विपुल टाळ्या वाजवत होता. "वा! हेच तर मला हवं होतं. किती खरं!"

मी मावशीकडे पाहिलं.  ती तडक सुनितापाशी गेली आणि तिचा कान धरला. भर युनिटसमोर!

"ह्ये काय थोबाड केलंस? कोनी मेलं का?"

"आत्या, शिनेमा हाय ना," सुनिता कळवळून म्हणाली.

"शिनेमात तू कोन हायस? ठाकरीनच ना? मंग आरशात बघून ये, ठाकरीन कशी दिसती ती! चल, तोंड धू. सगळ्यांनी धुवा. रूप्या, ती गोन काढ आदी, बैल बी घालनार नाय ती."

विपुल धावत आला. देवेश त्याच्या मागं. मीही धावले, पण मावशीला आवरायला. "मावशे, गप्प बस, काम जाईल," असं मी तिच्या कानात म्हटलं. तिनं माझा हात झटकला.

विपुल चिडला होता. "मावशी, ऊन चाललंय. किती छान दिसत होती ती!"

"छान? तोंडाला काजळी फासून पोरीला साळंत घालाया कोन जातं रं? तुजी आय तुला साळंत घालाया तशी गेलती का?"

"पण गरिबी दिसायला नको का?" देवेश मध्ये पडला. "स्वच्छ कपडे दाखवले तर लोक म्हणतील, ही कसली गरीब!"

आता मावशी ठाकर, ती सगळ्यांनाच अरेतुरे करते, कलेक्टर आला तरी. पण त्या दिवशीचा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "घान म्हंजी गरिबी नव्हं रं बाबा. पंधरा वर्सं मी घान करती, तुमी तिला गरिबी म्हनता. गरिबी तुला बघायचीय का? थांब."

तिनं काखेतली पिशवी उघडून सुनिताचं लुगडं काढलं आणि कुंपणावर पसरलं. हिरवं, विटून पोपटी झालेलं, पण पांढरपेशा माणसानंही नाव ठेवू नये इतकं स्वच्छ धुतलेलं. एकही भोक नव्हतं. आणि मधोमध आडवी शिवण.

ज्यांच्या आज्या लुगडं नेसायच्या त्यांना हे सांगायला नको. लुगडं बसून बसून मधे विरतं, दोन्ही टोकं मात्र धड राहतात. मग बाई काय करते, तर मधला विरलेला भाग कापून टाकते आणि दोन धड टोकं एकमेकांना शिवते. त्याला दंड घालणं म्हणतात. लुगडं आखूड होतं, पण अंग झाकतं. मावशीनं नव्या लुगड्याला चार दिवसांत म्हातारं केलं होतं, मग ते कापून त्याला दंड घातला होता. दोरासुद्धा विकतचा नाही, कापलेल्या तुकड्यातूनच उसवून काढलेला. आणि शिवणीच्या दोन्ही टोकांना, उसवू नये म्हणून, कोंबडीच्या पायासारखे तीन-तीन टाके.

"हा टाका कुठला मावशे?" मी विचारलं. इतक्या भांडणात मला टाका सुचला, कारण शिंपी मेला तरी त्याची नजर शिवणीवरच!

"आयेचा," मावशी म्हणाली. मग विपुलकडे वळली. "ह्यावर बोट फिरीव. ही गरिबी हाय. एकच लुगडं हाय म्हनून त्ये रोज धुवायला लागतं. दुसरं असतं तर आळस केला असता की! तू ती इटलीची मानसं दावलीस आमाला. सोता बघितलीस का नुसती दावलीस? त्या बाप्यानं ठिगळाच्या सदऱ्याला गळ्यापत्तुर गुंड्या लावल्या हुत्या. त्याच्या बाईनं ढिगाऱ्यात दोरी बांधून धुनं घातलं हुतं. गोऱ्या गरिबाला अब्रू, आन आमाला काजळी का रं?"

तिनं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मावशी म्हणाली, "मला काढायची तर काढ. पन ती काजळी आता ह्या वाडीत कुनाच्या तोंडाला लागनार नाय."

विपुल कुंपणापाशी गेला आणि त्यानं खरंच शिवणीवरून बोट फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तो तिथंच मातीत बसला आणि डोक्याला हात लावला. मला वाटलं, झालं, आता चंबूगबाळं आवरा. पण पोरगा हाडाचा चांगला. सोनारानं कान टोचावेत म्हणतात, इथं सोनार निघाली आमची मावशी. तो देवेशला म्हणाला, "मी पन्नास वेळा बघितलेत रे ते सिनेमे. मला ती बटणं दिसली नाहीत."

मग मावशीला म्हणाला, "एकच लुगडं असेल, तर ते धुतल्यावर बाई नेसते काय?"

मावशी हसली. सकाळपासून पहिल्यांदा. "आता कसं शाण्यासारखं इचारलंस!"

तिनं दाखवलं. अर्धं लुगडं नेसून ओढ्यात उभं राहायचं, दुसरं अर्धं धुवायचं आणि दोन्ही हातांनी उन्हात धरायचं. ते वाळलं की तेच अंगाला गुंडाळून पहिलं अर्धं धुवायचं. विपुलच्या कागदावर हे कुठंच नव्हतं. सिनेमा त्यानं तिथूनच सुरू केला. सुनिता ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी, धुतलेलं तोंड, चापून बसवलेले केस, हात लांब करून लुगडं उन्हाला धरलेलं. पलीकडून सूर्य आला आणि कापडातून आरपार दिसायला लागला. मधोमध तो दंड. देवेशचा कॅमेरा चालू होता आणि देवेश श्वास घेत नव्हता. त्यानंतर सुनिता लुगडं नेसून, पोरीचा हात धरून, मान वर करून कचेरीच्या वाटेला लागली. हात पसरून उभी राहिलेली मघाची बाई ती हीच, हे सांगून पटलं नसतं.

आणि वाडी? वाडीनं मग स्वतःच्या घरात स्वतःसारखं राहायला सुरुवात केली. रूपेशला शर्ट सापडला. खोकणाऱ्या म्हाताऱ्यांचा खोकलाही बरा झाला.

सिनेमा बाहेरदेशी दाखवला गेला, त्याचं तिकडं कौतुक झालं, असं विपुल फोनवर सांगायचा. मावशीला त्याचं काही नव्हतं. "हितं कदी दावनार?" एवढंच ती विचारायची. शेवटी यंदा फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, दहिवलीच्या हॉलमध्ये दाखवला. शेलूच्या नव्या बिल्डिंगांतले लोक आले होते, कर्जतचे मास्तर-मास्तरणी होते, आमच्या दहिवलीच्या वस्तीतल्या बायका तर झाडून सगळ्या. आणि रूपेशच्या टेंपोतून आख्खी जांभूळवाडी. काय सांगू तुम्हाला, कडक इस्त्री! बायांच्या डोक्यात फुलं! वाडीनं हॉल असा भरून टाकला की शेलूवाल्यांना भिंतीला टेकून उभं राहायला लागलं. मला काय आनंद झाला!

मावशीनं तिच्या आईच्या धाकट्या बहिणीला आणलं होतं. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू, पण जिभेनं शाबूत. तिला आम्ही दोघींच्या मधे बसवलं. दिवे गेले. माझ्या लक्षात आलं की मावशी पडद्याकडे बघतच नाहीये, ती पुढच्या रांगेकडे बघतेय. तिथं कॉलेजच्या चार पोरी बसल्या होत्या. मला कळलं ती कशाची वाट बघतेय. रुमालाची.

ओढा दिसला. सुनिता दिसली. वाडीतून शिट्टी आली, कोणीतरी "सुने!" म्हणून ओरडलं. मग लुगडं वर आलं, ऊन आरपार झालं आणि तो दंड पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला. पुढच्या चारही पोरी पुतळ्यासारख्या बसल्या होत्या. रुमाल एकीनं काढला खरा, पण डोळ्यांना लावला.

हॉलमध्ये मागून कुठूनतरी, आमच्याच वस्तीतल्या एका म्हातारीचा आवाज आला, "अगं बया, दंड घातलाय!" आणि मग एकामागून एक बायका बोलायलाच लागल्या. माझी आई घालायची, माझी सासू घालायची, माझ्या आजीचं अजून पेटीत आहे. इस्त्रीच्या साडीतल्या मास्तरीणबाईसुद्धा. ठाकर नाही, बौद्ध नाही, कुणबी नाही, सगळ्यांच्या पेटीतून तेच निघालं.

आमच्या मधे बसलेली म्हातारी मात्र मान पुढं काढून, डोळे बारीक करून शिवणीचं टोक बघत होती. पडद्यावर तो टाका हातभर मोठा दिसत होता, कोंबडीच्या पायासारखा, तीन बोटांचा.

"बुधे," ती म्हणाली, हळू नाही, चांगली मोठ्यानं. "ह्यो टाका माज्या भैनीचा हाय. ही चिमी हाय. चिमीचं लुगडं हाय ह्ये!"

 मावशीनं म्हातारीचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "व्हय मावशे. माजी आयच हाय ती."

आणि ढसाढसा रडली. मीही रडले, लाज कसली त्यात! शेवटी पाट्या सरकल्या, त्यात कपडेपटाच्या पुढं पहिलं नाव बुधीमावशीचं होतं आणि त्याखाली माझं. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मावशीला वाचता येत नाही. मी तिला बोट दाखवून सांगितलं, "ते बघ, तुझं नाव."

"आसूंदे," ती डोळे पुसत म्हणाली. "लुगडं किती झ्याक धुतलेलं दिसत हुतं, बघितलंस ना?"